हॅड्रियनच्या भिंतीसाठी एकच दिवस: चेस्टर्स, हाउसस्टेड्स की विंडोलांडा?

उन्हाळ्यात लंडनहून पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर इंग्लंडमधली, रोमन सम्राट हॅड्रियनच्या काळातली ही भिंत बघायला एकच दिवस आहे, तर नेमकं कुठे जायचं? माझं उत्तर आधीच सांगून टाकते: विंडोलांडा. पण ते सगळ्यांना लागू नाही, म्हणून भिंतीच्या परिसरातल्या या तिन्ही रोमन किल्ल्यांबद्दल सविस्तर लिहिते.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजगड, प्रतापगड येतात. इथे तसं काही उभं नाही. गोल कोपऱ्यांचा एक आयत आणि आत बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या उरलेल्या दगडी भिंती. मधोमध कचेरी, शेजारी किल्लेदाराचं घर, धान्याची कोठारं आणि दोन्ही अंगांना बराकी. आराखडा सगळीकडे जवळपास तोच. तिथे कोण राहत होतं हे ठाऊक नसेल, तर तिन्ही ठिकाणं सारखीच वाटतात आणि मुलं तासाभरात कंटाळतात.

राहणारे बहुतेक रोमचे नव्हतेच. इ.स. 122 मध्ये काम सुरू झालं तेव्हा भिंत उभारली मुख्यतः लीजननी, म्हणजे रोमन नागरिकांच्या पलटणींनी. पण 117 किलोमीटरच्या त्या रेषेवर वर्षानुवर्षं पहारा दिला तो साहाय्यक फौजेने. जिंकलेल्या मुलखांतून भरती केलेली ही माणसं 25 वर्षं चाकरी करायची आणि शेवटी त्यांना रोमन नागरिकत्व मिळायचं. चित्रपटांत दिसणारं लोखंडी पट्ट्यांचं चिलखत आणि वाकवलेली चौकोनी ढाल ही मुख्यतः लीजनची ओळख. साहाय्यक शिपायाकडे साधारणपणे कड्यांचं चिलखत, सपाट लंबगोल ढाल आणि भाला असे, तर घोडेस्वाराच्या कमरेला लांब पात्याची तलवार.

चेस्टर्स हे घोडदळाचं ठाणं. इथे दीर्घकाळ स्पेनच्या अस्तुरियातून आलेलं दुसरं अस्तुर घोडदळ होतं. अशा दलात 16 पथकं, प्रत्येकात तीसेक स्वार, म्हणजे एकूण सुमारे 500. समोरासमोरच्या दोन बराकी आणि मधला सांडपाण्याचा पाट इथे छान दिसतो. पागा कुठे, असं सगळे विचारतात. त्याचं उत्तर न्यूकॅसलजवळच्या वॉल्सेंडच्या उत्खननात सापडलं. मागच्या खोलीत तीन स्वार, पुढच्या खोलीत त्यांचेच तीन घोडे आणि जमिनीत घोड्यांच्या मुतासाठी खणलेला खड्डा. माणूस आणि जनावर एकाच छपराखाली. चेस्टर्सच्या बराकी बघताना हे डोक्यात ठेवा, दगड लगेच बोलू लागतात. नदीकाठचं स्नानगृहही बघाच, त्याच्या भिंती चांगल्या उंच उरल्या आहेत. जागा सपाट, हिरवीगार, बसायला छान.

हाउसस्टेड्स याच्या अगदी उलट. कड्यावर, वाऱ्याच्या तोंडावर. गाडीतळापासून वर चालत जावं लागतं आणि त्यात दम लागतो. पण भिंत कड्याच्या धारेवरून वरखाली होत जाताना पाहायची असेल, तर या तिघांत हीच जागा. तिसऱ्या शतकात इथे पहिली तुंग्रियन पलटण होती. आजच्या बेल्जियममधल्या टाँगरेन भागातले हे लोक. ही मोठी पायदळ पलटण, कागदोपत्री 10 तुकड्या, प्रत्येकी 80 माणसं, म्हणजे 800. एवढ्या लोकांना खायला काय लागत असेल ते कोठारं बघितल्यावर कळतं. खालून हवा खेळावी म्हणून जमीन बुटक्या दगडी खांबांवर उचलून घेतलेली आहे. पन्हाळ्याचा अंबारखाना पाहिलेल्यांना धान्य राखण्यामागची काळजी समजावून सांगावी लागत नाही. वर नदी नाही, म्हणून पावसाचं पाणी टाक्यांत साठवत आणि त्याच पाण्याने खालच्या कोपऱ्यातलं सामुदायिक शौचालय धुऊन काढत. मुलांना सगळ्यात जास्त तेच लक्षात राहतं.

आता विंडोलांडा. हे भिंतीवर नाही, भिंतीच्या दक्षिणेला मैलभर अंतरावर आहे आणि भिंतीच्याही आधीचं आहे. इथे एकावर एक अनेक किल्ले बांधले गेले. खालच्या थरांतल्या ओल्या, हवाबंद मातीमुळे लाकूड आणि चामडं टिकलं. संग्रहालयात चपला-बुटांची रांगच आहे, त्यात लहान मुलांचेही जोडे. सीमेवरच्या किल्ल्यात बायका-मुलं होती, हे सांगायला आणखी काही लागत नाही.

1973 मध्ये इथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडायला लागल्या. आकार पोस्टकार्डाएवढा. त्यातली एक पट्टी याच पहिल्या तुंग्रियन पलटणीची आहे, हाउसस्टेड्सला जाण्याच्या बऱ्याच आधीची. तारीख 18 मे. हजेरीवर 752 माणसं. त्यातली 456 बाहेर: 337 कॉर्ब्रिजला, 46 सुभेदाराच्या रक्षकदलात, बाकीची इकडेतिकडे. किल्ल्यात उरली 296. त्यातली 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. धडधाकट 265. रोमन फौजेची रचना चांगल्या चांगल्या पुस्तकांत वाचली होती, पण कागदावरची पलटण आणि प्रत्यक्षातली पलटण यांतलं अंतर मला या एका पट्टीने शिकवलं.

दुसऱ्या एका पट्टीवर मास्कुलुस नावाचा घोडदळाचा नायक आपल्या सेनापतीला कळवतो की पोरांची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा. हा सेनापती केरियालिस, नेदरलँड्सकडच्या बटाव्ही लोकांच्या नवव्या पलटणीचा. त्याच्या बायकोला, लेपिदिनाला, शेजारच्या ठाण्यावरची मैत्रीण वाढदिवसाचं आमंत्रण धाडते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिते. बाईच्या हातच्या लॅटिन अक्षरांचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. बहुतेक पट्ट्या ब्रिटिश म्युझियमकडे आहेत, हे आमंत्रणही तिथेच. काही विंडोलांडाला मंद उजेडात ठेवल्या आहेत. लंडनहून येणाऱ्यांनी तिथलं दालन आधी बघून यावं.

मग निवड कशी करायची? बरोबर गुडघेदुखीची वडीलधारी माणसं असतील तर चेस्टर्स. फक्त भिंत आणि फोटो हवे असतील, चालायची हौस असेल, तर हाउसस्टेड्स. माणसं भेटायला हवी असतील तर विंडोलांडा, आणि त्याला निदान तीन तास द्या. गाडी असेल तर सकाळी विंडोलांडा आणि दुपारी हाउसस्टेड्स सहज जमतं, दोन्ही जवळ आहेत. एकाच पलटणीचे दोन पत्ते एका दिवसात बघून होतात. तिन्ही एका दिवसात कोंबू नका. गाडी नसेल तर हेक्सॅम किंवा हॉल्टव्हिसल स्टेशनला उतरा. तिथून मिळणारी भिंतीची बस हंगामीच असते, त्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. चेस्टर्स आणि हाउसस्टेड्स इंग्लिश हेरिटेजकडे आहेत, विंडोलांडाची संस्था वेगळी, त्यामुळे तिकीटही वेगळं.

आणि जून असला तरी वाऱ्याचं जाकीट आणि जाड मोजे न्या. विंडोलांडाच्या एका पट्टीत कुणीतरी इथल्या शिपायाला मोजे, सँडलचे दोन जोड आणि आत घालायच्या दोन चड्ड्या पाठवल्याचं लिहिलंय.