'विश यू वेअर हिअर'ची एलपी, आठ महिने वापरून

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ही एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, घेऊन आठ महिने झाले, आठवड्यातून एकदा तरी लागतेच. आवाज मस्त आहे, पहिल्या बाजूला सुरुवातीला थोडी चरचर होती ती ब्रश मारल्यावर गेली, बस. मला लिहायचंय ते कव्हरबद्दल.

इतकी वर्षं हा फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढाच बघितला होता, सुटातली दोन माणसं हात मिळवतायत आणि त्यातला एक पेटलाय. मला वाटायचं आग नंतर चिकटवली असेल. बारा इंची कव्हर हातात घेतलं तेव्हा त्याच्या पाठीवरच्या ज्वाळा नीट दिसल्या आणि मग शोधून वाचलं तर काय, माणूस खरंच पेटवलेला होता!

१९७५ साल, कॉम्प्युटरचा प्रश्नच नाही. कल्पना हिप्नोसिस या कव्हर डिझाइन करणाऱ्या ग्रुपच्या स्टॉर्म थॉर्गरसनची, कॅमेऱ्यामागे ऑब्री पॉवेल, जागा कॅलिफोर्नियात बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओचं आवार. पेटलेला तो स्टंटमन रॉनी रॉन्डेल, समोर डॅनी रॉजर्स. रॉन्डेलने आतून आगीपासून वाचवणारा सूट घातला होता, डोक्यावर तसलंच आवरण आणि त्यावर विग, पण चेहरा उघडाच ना. वारा उलटा आला, ज्वाळा थेट तोंडावर आणि मिशी जळली. मग दोघांनी जागा बदलल्या आणि फोटो नंतर उलटवून छापला. हे कळल्यापासून मी प्रत्येक वेळी आधी त्याचा चेहराच बघते, किती शांत उभाय तो!

अर्थ तर आपल्याला लगेच लागतो, व्यवहारात हात पोळले म्हणतो ना आपण, तेच. म्युझिक कंपन्यांवरचा राग यातल्याच 'हॅव अ सिगार' गाण्यात आहेच. पण पोळायच्या भीतीने माणसं मनाने तिथे नसतातच, नुसता हात पुढे करतात, हे मला जास्त लागलं, कारण अख्खा अल्बम नसलेल्या माणसाबद्दल आहे. सिड बॅरेट, बँडचा जुना साथीदार, रेकॉर्डिंग चालू असताना लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आला तर डोकं आणि भुवया भादरलेल्या त्याला मित्रांनी आधी ओळखलंच नाही.

बरोबरचं पोस्टकार्डही बघाच, कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक तलावात सूर मारलेला माणूस, नुसते पाय वर आणि पाण्यावर एक तरंग नाही. तरंग विरेपर्यंत तो खाली श्वास रोखून होता म्हणे.

तक्रार एकच, कुरियरवाल्यांनी एक कोपरा दुमडून आणला. पावसाळ्यात बुरशीची भीती होती म्हणून बाहेरून जाड प्लास्टिकची पिशवी आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, डाग एकही नाही.

आणि हो, वरचं काळं प्लास्टिक घाईत फाडू नका. फोटो मुद्दाम त्याच्याआड लपवलाय आणि त्यावरचा यांत्रिक हातांचा स्टिकर चित्रकार जॉर्ज हार्डीचा आहे. मी फक्त रेकॉर्ड निघते त्या कडेला ब्लेडने चिरलं, मग प्लास्टिक अख्खंच्या अख्खं सरकवून काढलं. आता ते वेगळं जपून ठेवलंय.