द पेंटेड मॅन आणि पुढचे चार भाग, ठाणे-नेरूळ लोकलमध्ये वाचून काढल्यावर

पीटर व्ही. ब्रेटच्या पाच भागांच्या फँटसी मालिकेतलं पहिलं पुस्तक, द पेंटेड मॅन, पावसाळ्यात हातात घेतलं आणि पाचवा भाग संपेपर्यंत होळी आली, जवळजवळ सगळं वाचन ठाणे-नेरूळ लोकलमध्ये झालंय. राक्षसांची शिकार हवी म्हणून कोणी हे घेणार असेल तर आधीच सांगते, पहिल्या भागात निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत शिकार जवळपास नाहीच, सगळे जीव मुठीत धरून घरात बसलेले असतात. आणि मला नेमकं तेच सगळ्यात जास्त आवडलं.

सूर्य मावळला की जमिनीतून राक्षस वर येतात, उजाडायच्या आत परत जातात, उन्हात सापडले तर जळून जातात. खडकातले, जंगलातले, आगीचे, वाऱ्याचे, पाण्यातले असे प्रकार. माणसांकडे फक्त वॉर्ड, म्हणजे दारावर, खांबांवर, कुंपणावर काढायच्या रक्षणाच्या खुणा. उंबऱ्यावरच्या रांगोळीवर खरंच घरातल्यांचा जीव अवलंबून असता तर आपण ती जशी काढली असती ना, तसे हे लोक रोज संध्याकाळच्या आत एकेक खूण तपासतात. रेघ पुसट झाली, वर चिखल बसला की खेळ खलास. आणि या खुणांची ताकद येते ती राक्षसाच्याच जादूतून, तो येऊन धडकला की खूण पेटते आणि त्यालाच मागे फेकते. हे नियम लेखकाने कुठेही वाकवलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक रात्रीची धाकधूक खरी वाटते.

गोष्टीचा नायक आर्लेन 11 वर्षांचा असताना त्याच्या आईवर अंगणात हल्ला होतो आणि बाप ओसरीवरच्या खुणांच्या आड उभा राहतो, त्याचा पाय पुढे पडतच नाही. (हे अगदी सुरुवातीलाच आहे म्हणून सांगतेय.) बाप वाईट नाहीये हो, कष्टाळू आहे, बायकोपोरावर जीव आहे, पण रात्री बाहेर पाऊल टाकायचं नाही हे हाडात इतकं मुरलंय की समोर बायको असूनही तो हलू शकत नाही, आणि पोरगा ते बघतो. पुढे आर्लेन जे काही करतो, खुणा अंगावर गोंदवून घेण्यापर्यंत, ते सगळं या एका प्रसंगातून निघतं. हा प्रसंग वाचला तेव्हा तुर्भे आलं, पुस्तक मिटलं आणि नेरूळपर्यंत नुसती बसून राहिले. बाकी दोघं मुख्य पात्रं, लीशा आणि रोजर, तेही चांगलेत. रोजर फिडल वाजवून राक्षसांना भुलवतो, आणि लीशाला झाडपाला शिकवणारी शिवराळ म्हातारी ब्रूना तर मला लीशापेक्षा जास्त आवडली.

ब्रेटने या पुस्तकाचा बराच भाग न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, ऑफिसला जाता-येता फोनवर टाइप केलाय. 2008 साली ब्रिटनमध्ये आलं, अमेरिकेत पुढच्या वर्षी द वॉर्डेड मॅन या नावाने, तेव्हा ऑनलाइन घेताना दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका.

आता जे खटकलं ते. पहिल्या भागाच्या शेवटाकडे लीशावर बलात्कार होतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं प्रेमप्रकरण सुरू होतं. मला हे अजिबात पटलं नाही. इतकी विचारी, इतकी सावध बाई उभी केली आणि मग तिच्या मनात काय चाललंय यासाठी चार पानं द्यायला लेखकाला जागा मिळाली नाही, याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. वाळवंटातलं क्रासिया हे राज्यही सिनेमातल्या ठरावीक अरबांसारखं रंगवलंय. दुसऱ्या भागात तिथल्या जार्दिर या योद्ध्याचं बालपण येतं तेव्हा ते लोक थोडे तरी माणसं वाटायला लागतात, आणि तो सुरुवातीचा भाग खरंच दमदार आहे. तिसऱ्यापासून मात्र कोण कोणाशी लग्न करणार, कोण गादीवर बसणार हेच इतकं चालतं की राक्षस बाजूलाच राहतात, चौथा तर मी नेटाने संपवला. 2017 चा पाचवा, द कोर, गोष्ट नीट संपवतो, पण तिथपर्यंत जायला वाचकाकडे चिकाटी पाहिजे.

घ्यायचं तर पहिला एकच घ्या, त्याची गोष्ट बऱ्यापैकी पूर्ण होते, आवडला तर दुसरा. बाकीचे कोणाकडून वाचायला मिळाले तरच. आणि मुखपृष्ठ बघून शाळकरी मुलांना आणून देऊ नका, वर सांगितलेला लीशाचा प्रसंग आहेच, शिवाय दुसऱ्या भागात जार्दिरच्या लहानपणीही तसंच वाईट काही आहे. सतरा-अठराच्या पुढच्यांनी वाचावं.