जोशुआ ट्रीच्या बियांच्या नावाखाली 80.45 डॉलर लुबाडले

बियांचे 34.95 डॉलर, 'रुजवण पावडर' म्हणून 18.50 आणि नंतर 'मोफत' रोपाच्या कुरिअरचे 27. एकूण 80.45 डॉलर. एवढ्याशा रकमेसाठी काय एवढा त्रागा, असं घरातही ऐकून झालं. पण हे चोर नेमके त्याच हिशोबावर जगतात. ऐंशी डॉलरसाठी कोणी वकील करत नाही.

उचललेले फोटो, भलत्याच वस्तूखालचे पाच ताऱ्यांचे अभिप्राय, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. इथली मेख वेगळी आहे. जोशुआ ट्री, म्हणजे अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातलं युक्का कुळीचं झाड, फार सावकाश वाढतं. पहिली दहाएक वर्षं वर्षाला जेमतेम 7-8 सेंटिमीटर, पुढे त्याच्याही निम्म्याने. त्या वाळवंटाच्या आसपास राहणाऱ्या झाडवेड्यांना हे पाठ असतं, आणि विक्रेत्याने धंदा उभा केलाय तो आपल्या याच धीरावर. पाकिटात एक चिठ्ठी होती: बिया ओल्या वाळूत घालून 60 दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा, घाई करू नका. परताव्याची मुदत किती? 30 दिवस!

ती चिठ्ठी हातात होती तेव्हाच डाव कळायला हवा होता. अजूनही आठवली की डोकं तापतं. जोशुआच्या बीला थंडी लागतच नाही. ताजं बी 20 ते 25 अंश सेल्सिअसला ओलसर, पाणी न साचणाऱ्या मातीत टाकलं की साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब काढतं. झाड संथ आहे, बी नाही. पण थंड मुलखातल्या काही युक्कांच्या बिया खरोखरच फ्रिजमध्ये ठेवतात. मी ते वाचलेलं होतं, म्हणून सूचना पटली. अर्धवट खऱ्या माहितीवर रचलेलं खोटं कोणालाही पटेल.

बियांचंही तेच. खरं बी काळं, चपटं, पातळ आणि जवळजवळ एक सेंटिमीटर रुंद असतं. आलेल्या बिया काळ्याच, पण गोलसर आणि दोन-तीन मिलिमीटरच्या. मी लगेच विचारलं होतं, संदेश जपून ठेवलाय. उत्तर आलं, वाळून आकसल्यात, पाण्यात फुगतील. फुगल्या नाहीत. शेवटी जे उगवलं त्याला दोन गोल पानं होती. युक्का एकदलिकित आहे, त्याचं पहिलं पान गवताच्या पात्यासारखं एकटंच वर येतं. दोन पानं दिसली की तिथेच थांबा, तारखेसह फोटो काढा.

मग विक्रेत्याने एक वर्षाचं, 30 सेंटिमीटर उंच रोप मोफत देऊ केलं, फक्त कुरिअरचे 27 डॉलर मागितले. वर्षभरात 30 सेंटिमीटर होतच नाही, हे मलाही कळत होतं. तरी पैसे भरले, कारण नव्या व्यवहारावर तक्रारीची मुदत नव्याने सुरू होईल असा माझा हिशोब होता. रोप आलंच नाही.

आता तक्रारीचं ऐका. विक्रीच्या संकेतस्थळाने मुदत संपल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. कार्डवाल्यांनी विचारलं, पाकीट मिळालं ना? मिळालं, मग वस्तू पोचली. रोपाच्या 27 डॉलरसाठी त्यांना न आलेल्या रोपाचा पुरावा हवा होता. न आलेल्या वस्तूचा पुरावा कुठून आणायचा? एका सरकारी कार्यालयाने, विक्रेता राज्याबाहेरचा, म्हणून हात झटकले. दुसरीकडे तर मलाच आरोपी करून टाकलं. कॅलिफोर्नियात 2023च्या कायद्याने पश्चिमेकडच्या जोशुआ ट्रीचा कुठलाही भाग परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, बी त्या जातीचं असेल तर तुम्ही का घेतलंत, आणि नसेल तर तो आमचा विषय नाही. खरं निघालं तर मी दोषी, खोटं निघालं तर कोणीच नाही! विक्रेत्याने लेखी कळवलं होतं की बी पूर्वेकडच्या जातीचं, अ‍ॅरिझोनातल्या खासगी जमिनीवरचं आहे. तो संदेश दाखवला. त्यांनी वाचलाही नाही.

अ‍ॅरिझोनाचं बी म्हणे, आणि पाकिटावर परदेशी कस्टम्सची चिठ्ठी, वस्तू 'दागिने'! वरचं पाकीट टाकू नका, तोच पुरावा. अनोळखी बी जमिनीत तर अजिबात पेरू नका. 'आमच्या हरितगृहातलं बी' म्हणणाऱ्याला परागीभवन कोण करतं ते विचारा. मोहावेत ते काम ठरावीक जातीचे पतंग कीटक करतात, बाहेर हातानेच करावं लागतं. राष्ट्रीय उद्यानातून गोळा केलंय म्हणाला तर फोन ठेवा, तिथून बी उचलणं गुन्हा आहे.

हे माझ्यासाठी कुंडीतल्या शोभेपुरतं नव्हतं. ऑगस्ट 2020मध्ये 'डोम' नावाच्या वणव्यात मोहावेच्या राखीव क्षेत्रातली 43,273 एकर जमीन जळाली, अंदाजे 13 लाख जोशुआ ट्री गेली. तेव्हापासून एक तरी झाड बीपासून वाढवायचं मनात होतं. माणसाच्या या ओढीवर पैसे कमावणाऱ्याला मी माफ करणार नाही.

त्याचं दुकान आता नव्या नावाने सुरू आहे. फोटो तेच, फ्रिजची सूचना तीच, किंमत 39.95. कार्डवर पैसे भरलेत आणि बी हातात पडलंय, तर फ्रिजला हात न लावता आजच दोन-तीन बिया उबेत भिजवा, म्हणजे 30 दिवस संपायच्या आत कळेल.