कॅन्टनचे अर्धपुतळे आणि माझी क्वार्टरबॅकांची क्रमवारी

क्लीव्हलंडहून ७७ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला निघाले, की तासाभरात कॅन्टन येते आणि रस्त्याच्या कडेलाच लिंबू पिळायचे भांडे उपडे ठेवावे तसा एक घुमट दिसू लागतो. बांधणाऱ्यांच्या मनात तो उभा रोवलेला अर्धा फुटबॉल आहे, पण गेली एकोणीस वर्षे मला त्यात लिंबाचे भांडेच दिसत आले आहे. अमेरिकन फुटबॉलमधील थोरांचा गौरव करणारे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम हे संग्रहालय ते हेच. या फेऱ्यांपैकी माझी अलीकडची फेरी पुण्याहून आलेल्या मावसभावासोबत झाली. त्याला या खेळाचा गंध नव्हता आणि चेंडूला पाय क्वचितच लागत असताना याला फुटबॉल का म्हणायचे, हा त्याचा आक्षेप पार्किंगपासून सुरू झाला होता. तरीही हा अभिप्राय मी त्याच्यामुळेच लिहीत आहे, कारण त्याने आत गेल्यावर विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने माझी वर्षानुवर्षे जपलेली क्वार्टरबॅकांची, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूंची, यादी उलटीपालटी झाली.

आधी जागेविषयी. हे संग्रहालय न्यूयॉर्क किंवा शिकागोत नसून ओहायोतल्या या मध्यम आकाराच्या शहरात आहे, त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९२० रोजी राल्फ हे या गृहस्थांच्या कॅन्टनमधील मोटारींच्या दुकानात निरनिराळ्या संघांचे प्रतिनिधी जमले, खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण मोटारींच्या पायफळ्यांवर बसले, आणि पुढे एनएफएल या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक फुटबॉल संघांची संघटना तेथे स्थापन झाली. पहिला अध्यक्ष झाला तो जिम थॉर्प. प्रवेशद्वारातून आत जाताच समोर त्याचाच कांस्यपुतळा धावण्याच्या पवित्र्यात उभा आहे. संग्रहालय १९६३ मध्ये सुरू झाले तेव्हा १७ जणांना मान मिळाला होता, आज ही संख्या पावणेचारशेच्या पुढे गेली आहे. जुन्या काळातील चामड्याची शिरस्त्राणे, गणवेश, सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या विजेत्यांच्या अंगठ्या हे सारे पाहण्यासारखे आहे, पण ज्याच्याकडे दोनच तास असतील त्याने ते भरभर उरकावे आणि उरलेला सगळा वेळ अर्धपुतळ्यांच्या दालनात घालवावा.

त्या दालनात प्रकाश मंद आहे. भिंतींवर ओळीने कांस्याची मस्तके मांडलेली आहेत, आणि ती मांडणी संग्रहालयात प्रवेश मिळाल्याच्या वर्षाप्रमाणे आहे. क्वार्टरबॅक एका बाजूला, बचावपटू दुसऱ्या बाजूला, असा प्रकार नाही. कोणाचे मस्तक मोठे नाही, कोणाचे उंचावर नाही. सात अजिंक्यपदे मिळवलेला ऑटो ग्रॅहम आणि सुपर बोल एकदाही न जिंकलेला डॅन मरिनो यांना सारखेच कांस्य मिळाले आहे. प्रशिक्षक व समालोचक जॉन मॅडन यांनी २००६ मध्ये येथे सन्मान स्वीकारताना सांगितले होते, की रात्री दिवे मालवून दारे बंद झाल्यावर हे पुतळे एकमेकांशी गप्पा मारतात अशी आपली श्रद्धा आहे. त्या दालनात उभे राहिल्यावर ते बोलणे फारसे विनोदी वाटत नाही. पेटन मॅनिंगचे कपाळ शिल्पकाराने कोणतीही भीडभाड न ठेवता जसेच्या तसे रुंद घडवले आहे, तर जॉनी युनायटसचे केस डोक्यावर इस्त्री फिरवल्यासारखे सपाट कापलेले आहेत.

मी भावाला क्वार्टरबॅक समजावून सांगत होतो. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू याच्याच हातात येतो, मग तो दुसऱ्याकडे सोपवायचा, पुढे फेकायचा की स्वतः घेऊन पळायचे हे तीन-चार सेकंदांत उरकावे लागते, आणि तेवढ्यात समोरचे सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते कळलं रे. पण काय करायचं ते ठरवतो कोण? हा, की बाहेर उभा असलेला कोच?”

माझ्या यादीत तोवर अजिंक्यपदांची संख्या आणि पासांनी कमावलेल्या यार्डांची बेरीज यांना मान होता. या प्रश्नाचे उत्तर देता देता लक्षात आले, की मला या खेळाडूंचे जे क्षण खरोखर आठवतात ते सगळे निर्णयाचे आहेत.

म्हणून पहिला क्रमांक युनायटसचा. १९५५ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पिट्सबर्गने त्याला नवव्या फेरीत घेतले आणि एकाही सामन्यात न उतरवता घरी पाठवले. बांधकामावर काम करीत तो एका निमव्यावसायिक संघातून सामन्याला सहा डॉलर घेऊन खेळला आणि पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला बोलावले. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जायंट्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात कोल्ट्स १७–१४ असे मागे होते आणि जेमतेम दोन मिनिटे उरली होती. युनायटसने सहकारी रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन वेळा चेंडू फेकून ६२ यार्ड कमावले, सात सेकंद शिल्लक असताना बरोबरी झाली आणि सामना जादा वेळेत गेला. तेथे गोलरेषा अगदी जवळ आलेली असताना साधी किक मारूनही सामना जिंकता आला असता. परंतु युनायटसने त्याऐवजी चेंडू फेकला, तो सहकारी जिम मुचेलरने गोलरेषेपासून एका यार्डावर झेलला, आणि पुढच्याच चालीत २३–१७ असा निकाल लागला. एवढा धोका का पत्करलास, असे नंतर विचारले असता, आपण काय करतो आहोत हे ठाऊक असले की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्याच्या चाली तो स्वतः, मैदानावर, दहा जणांच्या घोळक्यात वाकून सांगत असे. सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास (ज्यावर सहकारी थेट गोलक्षेत्रात पोहोचतो असा) देण्याचा त्याचा विक्रम २०१२ मध्ये ड्रू ब्रीझने मोडेपर्यंत टिकला, हे मी केवळ आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी नोंदवतो.

याच कसोटीवर माझ्या घरच्या संघाचा देव मात्र खाली उतरला, आणि हे लिहिताना बोट जड झाले आहे. ऑटो ग्रॅहम क्लीव्हलंड ब्राउन्ससाठी १९४६ ते १९५५ अशी दहा वर्षे खेळला आणि दहाही वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. असा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. परंतु प्रशिक्षक पॉल ब्राउन प्रत्येक चाल स्वतः ठरवत आणि ती निरोप्या खेळाडूच्या हाती मैदानात पाठवत. ग्रॅहम निवृत्त झाल्यावर, १९५६ मध्ये, त्यांनी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवूनही पाहिला. त्यावर लगेच बंदी आली, आणि १९९४ मध्ये तीच पद्धत अधिकृत झाली. आजच्या प्रत्येक क्वार्टरबॅकच्या कानात प्रशिक्षक बोलत असतो, चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरेपर्यंत. मग ग्रॅहमलाच शिक्षा का, असे कोणी विचारील. शिक्षा नाही; सहावा क्रमांक आहे.

दुसरा टॉम ब्रॅडी, आणि त्याचा पुतळा येथे नाही. खेळ सोडल्यानंतर पाच हंगाम जावे लागतात, असा नियम आहे. ब्रॅडी २०२३ च्या फेब्रुवारीत कायमचा निवृत्त झाला, त्यामुळे २०२८ पूर्वी त्याचा विचार होऊ शकत नाही. केवळ त्याच्यासाठी येथे येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. २००० च्या निवडीत त्याच्याआधी १९८ नावे पुकारली गेली होती. सात सुपर बोल विजयांपैकी मला २०१७ चा सामना मोलाचा वाटतो: अटलांटाविरुद्ध ३–२८ असे मागे पडल्यावर त्याने एकदाच सगळे परत आणण्याचा अट्टहास केला नाही, छोट्या छोट्या पासांनी मैदान सरकवत नेले आणि जादा वेळेत ३४–२८ असा सामना काढला. कानात कोणीही बोलत असो, ती सबुरी त्याची स्वतःची होती.

जो मोंटाना तिसरा. माझ्या जुन्या यादीत तो पहिला होता. चार सुपर बोल सामन्यांत ११ टचडाउन पास आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती नाही, हा हिशेब वाचूनही खरा वाटत नाही. जानेवारी १९८९ मध्ये सिनसिनाटीविरुद्ध तीन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ असताना त्याने स्वतःच्या आठ यार्डांवरून सुरुवात करून संघाला ९२ यार्ड नेले आणि शेवटचा पास ३४ सेकंद राहिले असताना दिला. मात्र चालींची ती सगळी वीण प्रशिक्षक बिल वॉल्श यांची होती. मोंटाना ती बिनचूक गात असे, बंदिश गुरूची होती.

मॅनिंग चौथा. प्रशिक्षकाकडून आलेली चाल, चेंडू ठेवलेल्या रेषेवर उभे राहून, मोडायची, हातवारे करीत, ओरडून सगळ्यांना जागा बदलायला लावायच्या, आणि समोरचा बचाव गोंधळला की मग चेंडू मागायचा, ही त्याची रीत पाहताना लग्नघरातला एखादा काका आठवतो. पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या या माणसाला चौथ्यावर ठेवल्याबद्दल भांडण होऊ शकते. मी भांडायला तयार आहे.

पाचवा बार्ट स्टार, तो एकाच निर्णयासाठी. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, उणे २५ अंश सेल्सिअस, गोठून काचेसारखे झालेले मैदान, अंतिम सामन्याचे १६ सेकंद शिल्लक आणि गोलरेषेपर्यंत दोन फुटांचे अंतर. चेंडू मी स्वतःच घेऊन घुसतो, असे त्याने प्रशिक्षक लोम्बार्डींना बाजूला येऊन सांगितले आणि परत जाऊन सहकाऱ्यांना मात्र दुसऱ्याच खेळाडूकडे चेंडू सोपवण्याची चाल सांगितली. तो घुसला आणि ग्रीन बे जिंकले.

जॉन एल्वे या यादीत नाही. जानेवारी १९८७ मध्ये त्याने क्लीव्हलंडमध्येच, आमच्याविरुद्ध, ९८ यार्डांची चढाई करून जो घाव घातला त्याला चाळीस वर्षे होत आली तरी आमच्या गल्लीत त्याचे नाव जेवणाच्या वेळी घेत नाहीत. ब्राउन्स आजवर एकदाही सुपर बोलपर्यंत पोहोचलेले नाहीत. हा पक्षपात आहे आणि तो मी मान्य करतो. मरिनोने १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास दिले ते अफाटच, पण १९७८ मध्ये नियम बदलून, पहिल्या पाच यार्डांपुढे पास घेणाऱ्याला धक्काबुक्की करण्यास बचावपटूंना मनाई झाली, हे विसरून युनायटसचे आकडे त्याच्या शेजारी मांडू नयेत.

दालनात भाऊ सर्वांत जास्त वेळ थांबला तो वॉरन मूनपाशी. काळ्या खेळाडूंनी क्वार्टरबॅक होऊ नये, जागा बदलून घ्यावी, अशी संघांची धारणा असलेल्या त्या काळात, १९७८ मध्ये, मूनला एनएफएलच्या एकाही संघाने निवडले नाही. त्याने जागा बदलली नाही, देश बदलला. कॅनडात एडमंटनकडून सलग पाच अजिंक्यपदे मिळवली आणि मग ह्यूस्टनला आला. २००६ मध्ये या दालनात आलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. “याचा नंबर कितवा लावलास?” भावाने विचारले. मी म्हणालो, “सातवा.” तो काही बोलला नाही, पण परतीच्या वाटेवर अक्रन मागे पडेपर्यंत त्याने तो विषय सोडला नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. शनिवार-रविवार टाळावा, ऑगस्टमध्ये सन्मान सोहळ्याचा आठवडा तर नक्कीच टाळावा, आणि किमान चार तास हाताशी ठेवावेत. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर न्यावा. महामार्गालगतच्या एका उपाहारगृहात आम्हाला भाजीचे सँडविच म्हणून जे मिळाले त्यात लेट्यूस आणि पाव यांखेरीज काही नव्हते. संग्रहालयाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा राखून ठेवला आहे, तो २०२८ नंतर ब्रॅडीचा पुतळा पाहून द्यायचा की नाही ते ठरवीन. मून तूर्त पाचव्या क्रमांकावर आला आहे आणि स्टार सहाव्यावर गेला आहे. ग्रॅहम सातवा.