दगडी तपासायचं सीएमटी किट: गोठ्यात असावंच

निपाणी-चिकोडीकडे जिला आपण दगडी म्हणतो आणि पशुदवाखान्यात कन्नडमधून 'केच्चलु बावू', ती जंतूंनी येणारी कासेची सूज, कास दगडासारखी झाल्यावर कुणालाही कळते. तोवर सड बाद व्हायची वेळ आलेली असते. हे सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्टचं किट त्याच्या आधीचा, दूध अजून चांगलं दिसत असतानाचा टप्पा पकडतं. दोन संकरित गाई असल्या तरी घ्यावं.

आत चार वाट्यांची थाळी आणि जांभळ्या द्रावणाची बाटली. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढा. जमिनीवर सोडल्या तर जंतू गोठाभर होतात. मग एका वाटीत एकाच सडाचं सुमारे 2 मिली दूध, तेवढंच द्रावण, आणि थाळी आडवी धरून 10 सेकंद गोल फिरवायची. निरोगी दूध पातळच राहतं. बाधित सडाचं बुळबुळीत होतं, बाधा जोरात असेल तर वाटीच्या मधोमध अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा जमतो. जंतूंशी लढायला दुधात उतरलेल्या पांढऱ्या पेशी द्रावणानं फुटतात आणि त्यांतल्या डीएनएची ही चिकटी. सौम्य बाधेत ती फिरवता फिरवताच विरते, म्हणून नजर हलवू नका.

नुकत्याच व्यायलेल्या किंवा आटत आलेल्या जनावरात निकाल फसवतो, चांगला सडही बाधित दिसतो. जंतू स्टॅफिलोकॉकस की ई. कोलाय, हेही कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच. त्यामुळे थाळी बघून परस्पर सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडू नका. प्रतिजैविकाला विरजणातले उपकारक जिवाणू आणि दगडीचे जंतू यांतला फरक कळत नाही. प्रतिजैविकाचा अंश उतरलेल्या दुधाला दही नीट लागत नाही आणि किटला तो अंश दिसतही नाही. ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये.

माहितीपत्रक नुसतं इंग्रजीत, ही मोठी उणीव. सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही हवं. वाट्यांवरच्या खुणाही पुसट आहेत; कुठली वाटी कुठल्या सडाची, ते मार्करनं लिहून ठेवा.

सड बुडवायचं औषध यात मिळत नाही, वेगळं घ्यावं लागतं. अर्धा टक्का आयोडीनचं चालतं. धार झाली की लगेच सड बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तोवर जनावर शेणात बसता कामा नये.