पक्षी पळवायचं यंत्र: घुबड राहिलं, कुत्रं गेलं

किंमत १,४९९ रुपये. ऑनलाइन घेतलं, दोन महिने चालवलं. स्टार एक, आणि तोही पक्ष्यांसाठी नाही.

दसऱ्याच्या सुमाराला बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या घराच्या माळ्यावरून रात्रीच्या किंकाळ्या यायला लागल्या. मांजरपाट कुणी टराटरा फाडावा तसा आवाज, आणि मग एकदम चिडीचूप. घर जुनं, मंगळुरी कौलांचं. आढ्याजवळची एक फळी निसटलीय, तिथनं घुबडाची ये-जा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, पहिल्याच रात्री अंथरुणात उठून बसल्या. "काय ओरडूलालंय ते! घरात घुबड शिरलंय, आणि तुम्ही घोरा!" आत्यांना झोप नाही म्हणजे घरात कुणालाच नाही.

तसा पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, आम्हाला नवा नाही. परसातल्या चिंचेवर जोडी आहे, तिन्हीसांजेला चिर्रचिर्र भांडते, त्याचं कुणी मनावर घेत नाही. भल्या पहाटे कुडमुडं वाजवत दारात येणारा पिंगळा जोशी त्याचंच नाव लावून भविष्य सांगायचा. शेजारच्या कन्नड वहिनी त्याच पाखराला हालक्की म्हणतात, आणि त्यांच्याकडचे बुडबुडकीवालेही हालक्की काय बोलली तेच सांगत येतात. भाषेवरून कितीही भांडा, भविष्य एकाच पाखराकडून! पण हे माळ्यावरचं पांढरं, ते गव्हाणी घुबड. ते घुत्कारत नाही, किंचाळतं.

तर यंत्र. साबणाच्या वडीएवढं, मागे पिन, पुढे हिरवा दिवा. खोक्यावर पक्षी, उंदीर, पाल, झुरळ, डास, सगळ्यांवर लाल फुली. जणू माणूस सोडून कुणी राहूच नये. खाली बारीक अक्षरात आवाजाची पट्टी, '२५ ते ६५ किलोहर्ट्झ'. आमच्या ह्यांनी एक्स्टेन्शन ओढून ते माळ्यावर लावलं आणि रात्री बॅटरी घेऊन बघायला चढले. घुबड यंत्राच्या बरोब्बर वरच्या तुळईवर. बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, डावी-उजवीकडे डुलत ह्यांनाच न्याहाळत होतं. शेजारचं कुत्रं मात्र, जे रोज आमच्या ओट्यावर झोपायचं, तिसऱ्या दिवशी देवळाकडे राहायला गेलं.

मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सला आहे. खोकं वाचून ती हसत सुटली. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. घुबडाचा कान अंधारात उंदराची खसफस टिपतो, पण वरच्या पट्टीत साधारण १२ किलोहर्ट्झलाच थांबतो. म्हणजे २५ च्या पुढचं यंत्र त्याच्यासाठी मुकंच. ऐकू जाणार ते कुत्र्याला आणि उंदराला. कस्टमर केअरला हेच सांगितलं, तर बाई म्हणाली, "मॅडम, पंधरा दिवस चालू ठेवा, पक्ष्यांना सवय लागते." कसली सवय, ते मी विचारलंच नाही. पंधरा दिवस ठेवलं, आणि तोवर माल परत घ्यायची मुदत संपली.

दिवाळीनंतर नवाच आवाज. सूंऽऽ, सूंऽऽ, कुकर शिट्टीला आल्यासारखा, रात्रभर. आधी आम्ही गॅस बंद केला. मग ह्यांना खात्रीच पटली की वर नाग आहे. सर्पमित्राला बोलावलं. पोरगा वर चढला, डोकं घातलं आणि खाली बघून म्हणाला, "काकू, साप कसला, पाच पिल्लं हायत. भुकेनं असं करत्यात." पाचही वेगवेगळ्या मापाची, एकाच आईची वाटूच नयेत. मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, म्हणून ती दोन-तीन दिवसांच्या अंतरानं बाहेर येतात. हात लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घुबड येतं, असंही बजावून गेला.

माळ्यावरच्या काळ्या गोळ्यांवरून आत्यांनी करणीच ठरवली होती. अंगठ्याएवढ्या, केस लिंपल्यासारख्या. मुलीनं एक वाटीत भिजत घातली आणि सुईनं सोडवली, तर आत उंदरांच्या तीन कवट्या, पिवळ्या दातांसकट; न पचलेलं घुबड असंच ओकून टाकतं. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. सुगीचं भात आत आलं होतं. दरवर्षी निदान चार पोती कुरतडलेली निघायची, यंदा एका पोत्याचा कोपरा फक्त. याचं श्रेय कंपनीनं घेऊ नये. यंत्र तेव्हा बंद होतं, एक्स्टेन्शन मळणीला नेलं होतं.

जानेवारीत पिल्लं उडाली. फळी अजून तशीच आहे, ठोकायला आत्याच देत नाहीत.

यंत्र आता न्हाणीजवळच्या बोर्डाला लावलंय. हिरवा दिवा चांगला आहे, रात्री उठलं की उंबरा दिसतो. स्टार त्याचा.