मोटरहोममध्ये ऊब सारखी पसरेना: डक्ट सुधारावा, फॅन बसवावा की दुसरा हीटर घ्यावा?

मागच्या पलंगावर पांघरूण नकोसं होतं आणि पुढे ड्रायव्हरच्या सीटवर बोटं गारठतात. डिझेलवर चालणारा आणि डक्टमधून, म्हणजे नळ्यांमधून, गाडीभर गरम हवा सोडणारा हीटर बसवल्यावर ही तक्रार फार ऐकू येते, आणि पहिला विचार येतो तो मोठा हीटर घेण्याचा. तो आधी बाजूला ठेवा. ट्रॅव्हलर व्हॅनएवढ्या, आतून नीट इन्सुलेशन केलेल्या गाडीला नागपूरच्या थंडीत २ किलोवॅटचा हीटर पुरून उरतो. इथे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तसली रात्रही त्यावर निघते. ५ किलोवॅटचा लावला तर गाडी चटकन तापते, मग हीटर तासन्‌तास मंद चालतो आणि आत काजळी धरतो. पुढचं टोक तरीही गारच, कारण हवा जायची वाट तीच राहिली.

खरी निवड आहे डक्टचं काम आणि बूस्टर फॅन, म्हणजे डक्टमध्ये बसवून हवा पुढे ढकलणारा छोटा पंखा, यांत. माझा कौल स्पष्टपणे डक्टला, कारण बहुतेक दोष तिथेच असतो. डक्टला दोन फाटे फुटतात त्या वाय-जोडापाशी हवा सरळ आणि आखूड फाट्याकडे जास्त वळते. लांबच्या फाट्यात दोन काटकोनी वळणं आणि एखादी दबलेली जागा असली, की शेवटच्या तोंडाशी नुसती झुळूक येते. गाडीच्या तळाखालून उघडा गेलेला डक्ट तर वाटेतच उष्णता रस्त्यावर टाकतो. उपाय साधे आहेत: वळणं मोठ्या गोलाईची करायची, सांधे क्लॅम्पने आवळायचे, जवळच्या तोंडाची झडप अर्धी बंद करायची, डक्टवर इन्सुलेशन चढवायचं. एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात तो काळा फोम नागपुरात सहज मिळतो. हीटरलगत मात्र तो नको, तिथे ग्लासवूलच. सगळी तोंडं एकाच वेळी कधीही बंद करू नका. हीटर जास्त तापून स्वतःच बंद पडतो.

याहून महत्त्वाची आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे परतीची हवा. खोलीची खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर काय होतं हे नागपूरकराला सांगायला नको. इथे हवा बाहेर सोडायची नसते, पण तिला हीटरकडे परतायला वाट हवीच. हीटर पलंगाखालच्या बंद कप्प्यात असेल तर कप्प्याला चांगली मोठी जाळी कापा. ती गरम हवेच्या तोंडापासून लांब ठेवा, नाहीतर तीच गरम हवा हीटर पुन्हा ओढतो. काही हीटरमध्ये तापमानाचा सेन्सर हीटरच्या आतच असतो. कप्पा तापला की त्याला वाटतं गाडी तापली, आणि तो आच कमी करतो. सुटा सेन्सर बसायच्या जागी, झोतापासून दूर लावला की निम्मं दुखणं जातं.

बूस्टर फॅनचं काम कमी वेळात होतं, फर्निचर उघडावं लागत नाही. पण तो नवी उष्णता देत नाही. एका तोंडाची हवा वाढवताना दुसऱ्याची कमी करतो. रात्री त्याचा आवाज कानाशी येतो, बॅटरीवर भार पडतो. परतीची वाट अडलेली असेल तर त्याचा उपयोगही नाही. शेवटच्या टोकाच्या बाथरूमसारख्या एकाच जागेसाठी, वेगळं बटण देऊन, तो जरूर बसवावा. हीटरच्या तोंडालगतची हवा १०० अंशांवर जाऊ शकते, म्हणून फॅन तिथून लांब आणि गरम हवेसाठीच बनवलेला हवा.

पुढची केबिन हा मात्र वेगळा मामला. तिथे हवा कमी पोचते हे खरं, पण मोठ्या काचांतून उष्णता जाते त्याहून जास्त. जाड पडदा लावून रात्री केबिन बाकीच्या गाडीपासून वेगळी करणं किंवा काचांना मापाची इन्सुलेटेड झाकणं करून घेणं, हे फॅनपेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी. हीच झाकणं आपल्या मे महिन्यात उन्हालाही कामी येतात.

खर्च करण्याआधी एक रात्र चिखलदऱ्याला काढा. पुढे, मध्ये, मागे, पायाशी आणि डोक्याशी साधे थर्मामीटर ठेवून आकडे लिहा. डोकं गरम आणि पाय गार असतील तर तोंडं उंचावर आहेत. ती खाली आणा. पुढे-मागे फरक असेल तर डक्ट आणि जाळी बघा.

दुसरा छोटा हीटर घ्यावा तो फक्त लांब गाडीत, जिथे मागची खोली दाराने वेगळी आहे, किंवा स्पिती-लडाखला हिवाळ्यात राहायचं आहे. तेव्हा डिझेलची दुसरी लाइन, दुसरा एक्झॉस्ट आणि जमिनीला आणखी भोकं आली. एक्झॉस्टचं तोंड खिडकी-दारापासून दूर असावं आणि झोपायच्या दोन्ही जागांपाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. एकच हीटर असला तरी एक अलार्म हवाच.